विमानवाली मेली होती, आबा

आबा, त्या गुप्तहेराचा नवा भाग लागलाय, आणि तो इतका भिकार आहे की तुम्ही असतात तर मध्यंतराला प्रोजेक्टर बंद करून चहा प्यायला निघून गेला असतात. आजवर चार नट बदलले, गुप्तहेर तोच; पण आता त्याला नुसतं रडायचं असतं. पूर्वी गडी हेलिकॉप्टरला लोंबकळत शत्रूची खोड मोडायचा आणि मागे वळून बघायचा नाही. आता तो डोंगरावर बसून तासभर आठवणी काढतो, आणि समोर शत्रू कोण, तर एक संगणक. त्याला मारणार तरी कुठे? जळगावच्या मल्टिप्लेक्समध्ये अक्काला शेजारी बसवून मी हे सोसत होतो, आणि निम्मं लक्ष शर्टाच्या खिशाकडे होतं. खिशात अक्काच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट होता. सकाळीच हाती आला, मी वाचला, आणि तपासणीसाठी धुळ्याहून माझ्याकडे आलेल्या तिला सांगितलं की उद्या मिळेल म्हणतात, चल तोवर पिक्चर बघू.

मध्यंतरानंतर तो गुप्तहेर एका तरुणाला सांगतो, तुझी आई माझ्या डोळ्यांदेखत गेली. आणि पडद्यावर तुमच्या काळातल्या भागाचा तुकडा सुरू होतो, रंग विटलेला. विमान चालवणारी ती बाई दवाखान्यात पडलेली, नाकात नळी. त्याचा हात धरून काहीतरी पुटपुटते आणि मान टाकते. मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "आरे, हाई कवय मरनी? ती ते जित्ती व्हती ना!" लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण मलाही ती जिवंतच ठाऊक होती. तुमच्या थिएटरात आम्ही पाहिलं तेव्हा तिचं विमान बर्फात आपटलं आणि लगेच गुप्तहेर मोटारीत बसून शीळ घालत निघाला. त्या अर्थी बाई वाचली असणार, असं आम्ही धरून चाललो. अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आबानं कापेल शे ते."

आणि मला तो दिवस दिसला. आई धुळ्याच्या दवाखान्यात आहे. मी नऊ वर्षांचा, अक्का बारा. तुम्ही सकाळी तिकडून येता आणि आम्हाला थेट थिएटरच्या ऑपरेटर केबिनमध्ये नेता, जिथे एरवी पाऊल ठेवलं तरी तुम्ही अंगावर यायचात. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या जळक्या कार्बनचा वास आहे. मॅटिनीला अवकाश आहे. आमच्याकडे पाठ करून तुम्ही रीळ उलगडता, ब्लेड चालवता, सोल्यूशन लावून जोड देता. फिल्म तुटली की तुम्ही हेच करायचात, म्हणून आम्हाला त्यात नवल वाटत नाही. अक्का एवढंच विचारते, मी आईकडे जाऊ का? सगळं बरं आहे म्हणून तुम्ही खेकसता, "बठ्ठं बरं शे. गपचूप पिक्चर देखा." पिक्चर सुटला तेव्हा आई गेलेली होती. ती आजचा दिवस काढणार नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला सकाळीच सांगितलं होतं. आम्हाला ते पुढे मावशीकडून कळलं. कापलेली प्रिंट तुमच्याकडून जळगावला गेली, तिथून चोपड्याला, आणि अर्ध्या खान्देशात ती विमानवाली जिवंत राहिली.

मला तुमचा राग आला, आबा, भर थिएटरात. आम्ही रडू नये म्हणून तुम्ही एका परक्या बाईचं मरण कापलंत, इथवर मी समजू शकतो. पण आमच्या आईचं का कापलंत? अक्काला तिचा हात धरायचा होता. ती आजही कुणाच्या मयताला गेली की आधी हाताला हात लावते, आणि मी इतकी वर्षं ती तिची सवय समजत होतो.

पिक्चर संपायच्या आधीच अक्का उठली. गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवणार तोच म्हणाली, "रिपोर्ट उना ना, भाऊ? माले बी पिक्चर दखाडाले लई उना का तू?" रिपोर्ट आल्याचं तिने ओळखलं होतं. मी कागद काढला. तिचा आवाज अजिबात हलला नाही. "वाची दखाड. बठ्ठा."

फैजपूरला इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. वर्गात वाचावं तसं एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेलो. गाठ कुठे आहे, केवढी आहे, चांगली नाही, सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. शेवटच्या दोन ओळींत यकृताचं लिहिलंय, पसरल्याचं. तिथे पोहोचलो आणि कागदाची घडी घातली.

"इतलंच?" तिने विचारलं.

"इतलंच," मी म्हणालो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, बरं झालं भाऊ, तू तरी काही लपवलं नाहीस. सोमवारी डॉक्टर तिला सांगतीलच. तोवर तीन दिवस आहेत, आणि बाहेरच्या खोलीत ती माझ्या सुनेला भरिताची वांगी कशी भाजायची ते शिकवतेय. रिपोर्ट मी उघड्यावरच ठेवलाय, तिला इंग्रजी येत नाही. हे पत्र मात्र फाडावं लागेल, कारण मराठी तिला वाचता येतं.