हवेचं मशीन आणि उतारावरची जीप

सूर्यमाळ,
दि. ४ मे २००६

चि. हरेश यास सकूताईचा आशीर्वाद, वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. मोखाड्याहून वर आणायला दोन माणसं लागली, म्हणजे वस्तू दणकट आहे. तुझ्या भावोजींनी खोकं फोडलं, शेजारची गोजाबाई हळदकुंकू घेऊन आली, आणि आम्ही सगळे तुझ्या हवा भरायच्या मशीनभोवती कोंडाळं करून बसलो. मग त्याच्या बुडातून निघाली वायर आणि वायरीच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. हरेश, तू इथंच जन्मलास ना? की ठाण्याला नोकरी लागल्यावर जन्माचा दाखलाही तिकडचाच काढलास?

आमच्याकडे वीज साहेबांच्या दौऱ्यासारखी येते. आधी कळवत नाही, आणि चहा उकळायच्या आत निघून जाते. शिवाय टायर बसतं ते रस्त्यात. तिथं प्लग कुठं खुपसू, ऐनाच्या झाडात? मी स्वच्छ लिहिलं होतं, जीपच्या बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं घे. तू घेतलंस टाकीवालं.

मस्करी बाजूला ठेव. पुढच्या महिन्यात जव्हारला हर्षालीची नर्सिंगची मुलाखत आहे. एसटीनं खड्ड्यांचं कारण सांगून वर यायचं सोडलंय. आमची जीप तेवढी उरली, आणि तिच्या मागच्या ट्यूबला रबरापेक्षा ठिगळं जास्त. संध्याकाळी भरलेली हवा सकाळी नसते. आता पायाचा पंपही मोडला. स्टेपनी म्हणशील तर तीच आता चाक म्हणून लावलीय. पोरगी मुलाखतीला पोचली नाही तर तिचं लग्न उरकायचं, असं माझे दीर आत्ताच बोलतात. मुलगासुद्धा बघून ठेवलाय.

हे धूड परत पाठवतेय. बदलून दे, नाहीतर त्याच्यावर कोंबड्या बसवीन.

आशीर्वाद आणि राग एकाच पाकिटात घातलेत, सांडू न देता उघड.

तुझी
सकूताई


ठाणे,
दि. १७ मे २००६

ती. सौ. सकूताईस हरेशचा सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं, ही चूक झाली. माझे लाल झालेले कान पलीकडच्या टेबलापर्यंत दिसले. ताई, उपकार राहू दे, पोच तरी माणसासारखी देत जा. जन्माचा दाखला मोखाड्याचाच आहे, हवी तर झेरॉक्स पाठवतो.

तीन दुकानं फिरलो होतो. दुकानदार म्हणाला, घरी वापरायचं तर टाकीवालंच घ्या, हवा साठून राहते, पंख्यावरची धूळ उडते, खिडक्यांना रंगही मारता येतो. घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माझंच घर आलं, हे खरं. तुमच्याकडे पंखा फिरतो कधी, हे तू विचारायच्या आत मीच लिहून टाकतो.

आता जेवणाच्या डब्याएवढं आणलंय. सिगारेट पेटवायच्या भोकात बसणारी पिन नको, चिमटेवालं दे, म्हणून दुकानदाराशी भांडलो. भावोजींच्या जीपला तसलं भोक नाही, डॅशबोर्डही अर्धाच आहे. तांबडा चिमटा बॅटरीच्या अधिकवर, काळा वजावर. नळीचं तोंड वॉल्व्हवर बसवून खटका पाडायचा. काटा तिसावर आला की थांबायचं. मशीन लवकर तापतं, त्याला मधे विसावा द्यायचा. आणि ताई, हे भावोजींना मोठ्यानं वाचून दाखव. इंजिन चालू ठेवूनच हवा भरायची. बंद गाडीवर भरली तर मशीन सगळी बॅटरी पिऊन टाकील.

मुलाखतीला मी येणार होतो, पण ऑडिट लागलंय, साहेब सोडत नाहीत. हर्षालीला सांग, मामा नसला तरी मामाचं मशीन पाठीशी आहे.

ओरडायला का होईना, धाकट्याची आठवण ठेव.

तुझा
हरेश


सूर्यमाळ,
दि. २२ जून २००६

चि. हरेश यास आज आशीर्वाद जरा हात आखडूनच, वि. वि.

मामाचं मशीन पोरीच्या पाठीशी कसं उभं राहिलं ते ऐक.

तुझ्या भावोजींची रीत तुला ठाऊक आहे. बॅटरी म्हातारी, सेल्फ मारला की नुसती कण्हते. म्हणून जीप रोज देवळापुढच्या उतारावर लावायची आणि सकाळी ब्रेक सोडून घरंगळत चालू करायची. आपल्याकडच्या अर्ध्या जीपा अशाच जगतात. पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी ह्यांना मशीन मिरवायचं होतं. जीप नेली शाळेच्या पटांगणात, सपाटीवर, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. चंदूची मोटरसायकल झाली, तुकाच्या घरच्या सायकली झाल्या, शाळेचा व्हॉलीबॉल झाला, सावळाच्या पोरांची पोहायची ट्यूबसुद्धा झाली. घ्या हवा, रोहिदासभाऊंची, असं हे स्वतःच ओरडत होते! आणि इंजिन बंद. तुझं पत्र मी मोठ्यानंच वाचलं होतं. त्यावर ह्यांचं म्हणणं, असलं काहीतरी पेट्रोलपंपाशेजारी राहणारे लोक लिहितात, डिझेल काय झऱ्याला येतं?

रात्री जीप तिथंच सपाटीवर राहिली. सकाळी मागचं चाक नेहमीप्रमाणे बसलेलं. चिमटे लावले. मशीन एकदा हुंकारलं आणि गप्प झालं. चाकात हवा भरायला बॅटरी पाहिजे, बॅटरीला इंजिन पाहिजे, इंजिनाला उतार पाहिजे, आणि उतारापर्यंत जायला चाकात हवा पाहिजे. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध माझी पोर पांढरा ड्रेस घालून, फाईल छातीशी धरून उभी.  नुसती बापाकडे बघत राहिली. मी काय बोलले ते लिहीत नाही, अख्ख्या पाड्यानं ऐकलंय, कुणालाही विचार.

शेवटी चंदूनं आपली मोटरसायकल चालू ठेवून तिच्या बॅटरीला चिमटे लावले. मशीन धापा टाकत, थांबत थांबत हवा भरत राहिलं. तोवर मी, आदल्या दिवशी ज्यानं ज्यानं हवा नेली होती, त्या प्रत्येकाला घरातून ओढून काढलं आणि जीप ढकलायला जुंपलं.

जव्हारला पोचलो तर हर्षालीचं नाव पुकारून झालेलं. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, नर्सला आधी वेळ पाळता आली पाहिजे. खरं बोलल्या, म्हणून जास्त झोंबलं. पण मी खिडकी सोडली नाही. माझ्यामागची रांग शिव्या द्यायला लागली तेव्हा कुठे बाईंनी तोंड उघडलं. राहिलेल्यांच्या मुलाखती जुलैच्या शेवटी आहेत, त्यात नाव घालून घेतलं. दीर म्हणतात, देवाच्याच मनात नाही, मुलाकडच्यांना होकार कळवा. देव मधे कुठून आला? बॅटरी उतरली होती.

ह्यांच्यावर राग आहेच. तुझ्यावर त्याहून जास्त आहे. तीन दुकानं फिरलास, पण एक दिवस वर आला नाहीस. आला असतास तर ती ट्यूब हातात घेऊन बघितली असतीस. सगळा उन्हाळा आपण मशीन कुठलं ह्यावर भांडलो, आणि नवी ट्यूब टाकावी हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. दोघंही पगारी नोकरीत, मी तर शाळेत पोरांना अक्कल शिकवते!

आता काही म्हणता काही पाठवू नकोस.

माया आहे का, हे मुलाखत झाल्यावर विचार.

सकूताई


ठाणे,
दि. ३ जुलै २००६

ती. सौ. सकूताईस सा. न. वि. वि.

काही पाठवत नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मीच येतो. साहेबांना विचारलं नाही, सांगितलं. खांद्याला नवी ट्यूब असेल, बाकी हात रिकामे. खोडाळ्याला मला घ्यायला जीप पाठवू नकोस, चालत वर येईन. भावोजींना म्हणावं, जीप जिथं आहे तिथंच राहू दे, फक्त ती जागा उताराची असू दे.

उरलेल्या शिव्या तोंडी घेईन, कागद वाचव.

तुझा
हरेश


सूर्यमाळ,
दि. २७ ऑगस्ट २००६

चि. हरेश यास ताईचा भरघोस आशीर्वाद, वि. वि.

हर्षालीचं नाव लागलं. परवा तिला होस्टेलवर सोडून आलो. दिरांच्या त्या मुलाकडच्यांना मी स्वतः नकार कळवला, चांगल्या शब्दांत, म्हणजे माझ्या मानानं.

मुलाखतीच्या दिवशी तू पहाटेच उठून चाक दाबून बघत होतास, ते मी चुलीपासून बघितलं.  जव्हारला इतक्या लवकर पोचलो की शिपाई कुलूप काढत होता. पण जाताना सगळा रस्ता तू ह्यांना गाडी कशी चालवायची ते शिकवत होतास. ज्याच्या नावावर सायकलसुद्धा नाही त्यानं! मुलाखत होती म्हणून गप्प बसले, ते आज सांगते.

मशीन माझ्या ट्रंकेत आहे, किल्ली कमरेला. कुणालाही हवा मिळते, पण हवा नेणाऱ्यानं संध्याकाळी येऊन जीप ढकलत नेऊन उतारावर लावायची. तुका कुरकुरला, पण ढकलतो. तुझे भावोजी इंजिन चालू ठेवून शेजारी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की बंद गाडीवर कधी भरू नये. जणू हा शोध त्यांनीच लावला.

रोज संध्याकाळी जीप उतारावर लागते. नव्या ट्यूबमध्ये हवा टिकते, बॅटरीही सध्या बरी आहे. आणि सकाळी कुणाला कुठं जायचं नसतं. परवापासून मी घरात कुणावर ओरडलेली नाही. ह्यांनासुद्धा भीती वाटायला लागलीय. आता राग कुणावर काढायचा, तेवढं कळव.

नाहीतर दिवाळीला ये, तुझ्यावर काढीन.

तुझी
सकूताई