नवव्या डावातला बाद

अण्णा, काल आमचा क्लब हरला आणि मला तुमचा राग आला.

तुम्ही जाऊन तीस वर्षं होतील. मी आता रॉटरडॅमला लेकीकडे असते. घरामागे बेसबॉलचं मैदान आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी नुसती बाकावर बसून मेथी निवडायची. दुसऱ्या उन्हाळ्यात पंचाच्या चुका काढायला लागले. शिकवलं कुणी नाही, बघून बघून आलं, पुरणपोळीसारखं. इथे छोट्या क्लबांच्या सामन्याला बाहेरचा पंच मिळत नाही, क्लबातलंच कुणीतरी उभं राहतं. आमच्याकडे उभा राहतो तो शेजारचा म्हातारा, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला. काल शेवटचा, नववा डाव. आम्ही एका धावेनं मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की संपलं, आणि दुसऱ्या बेसवर म्हाताऱ्याचाच मुलगा. चेंडू लांब गेला तसा मुलगा तिसरा बेस ओलांडून शेवटच्या पाटीकडे सुटला; तिला पाय लागला की धाव आणि बरोबरी. इकडून तो घसरत आला, तिकडून चेंडू आला, धुळीचा लोट उठला आणि बापानं मूठ उगारली. बाद! खेळ खलास. पुढच्या वर्षी आम्ही खालच्या गटात. मी बाकावर चढून ओरडले, "कुंपणानंच शेत खाल्लं!" भोवतीच्या लोकांना अर्थ कळला असावा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा बापाकडे न बघता सायकलवर बसून निघून गेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. यात काहीतरी पाणी मुरतंय. बापलेकांचं बिनसलं असेल. नाहीतर चारचौघांत 'बघा मी किती सरळ' म्हणून मिरवायचं असेल. रात्री जेवताना लेकीला म्हटलं, उद्या विचारतेच त्याला. ती म्हणाली, "आई, प्लीज. इथे भांडायलासुद्धा अपॉइंटमेंट घेतात." मग वरणाचा चमचा तसाच धरून म्हणाली, "आणि तुला प्रत्येक पंच आजोबाच का वाटतो गं?"

कारण तिला मी तसंच सांगत आलेय, अण्णा. तालुक्याचं मैदान, खो-खोचा अंतिम सामना. शाळेतले कारकून तुम्ही, पण नियम तोंडपाठ असलेला दुसरा माणूस गावात नाही, म्हणून शिट्टी तुमच्याच गळ्यात. आमच्या संघातली मी शेवटची उरलेय. अर्धं मिनिट काढलं की जिंकलो. कडेच्या खुर्च्यांवर जिल्ह्याचा संघ निवडणारे बसलेत. मी चुनखडीच्या रेषेला लागून वळते आणि तुमची शिट्टी वाजते. दोन्ही पाय बाहेर. बाद. मी सांगतेय, एक पाय आत होता, आणि तुम्ही मान फिरवता. आदल्या संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही म्हणाला होतात, "जिल्ह्याला निवडलं तर महिनाभर शिबिर. तुझी आई अंथरुणाला खिळलेली. घर कसं चालायचं गं?" मी भाकरी थापत राहिले. आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सणावारालाही मिठाईच्या दुकानाची पायरी न चढणारा माणूस बुंदीचे लाडू घेऊन आला. पुडा न सोडताच मी ओळखलं, ही लाच आहे. माझ्या वाटणीचा लाडू गाईला घातला. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "गाईला गोड फार देऊ नये." एवढंच.

आज सकाळी गेलेच शेजारी. म्हातारा कुंपणाची मेंदी कापत होता. मला तो 'ब्यूरव्राऊ' म्हणतो, म्हणजे शेजारीणबाई. तो आणि मी, दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून आमचं बरं जमतं.

"खरं सांगा," मी म्हटलं, "तो बाद होता?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"धूळ होती, ब्यूरव्राऊ. मला काही दिसलंच नाही."

"मग बाद कसा दिलात?"

त्यानं कात्री खाली ठेवली. "दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर नाबाद दिला असता. माझा होता ना."

मी संतापलेच. म्हटलं, हा कुठला न्याय? परक्याला संशयाचा फायदा, आणि पोटच्या पोराला शिक्षा? तो म्हणाला, "रात्रभर हेच घोकतोय. मुलगा फोन उचलत नाही." आणि पुन्हा मेंदी कापायला लागला, जिथे आधीच कापून झाली होती तिथेच.

घरी येऊन चहा टाकला आणि तो उतू गेला. दुधानं तोंड पोळलेली मी, जन्मभर ताकही फुंकत आले. तुम्ही ठरवून घात केलात किंवा मी खरंच बाहेर गेले, या दोनच वाटा मला माहीत होत्या. तिसरी हा क्रेनवाला दाखवून गेला: की तुम्हालाही नीट दिसलं नसेल, आणि मी तुमची होते म्हणूनच बाद झाले. ही वाटही मला धड पटत नाही. उलट सांगू? तुम्ही मला घरी ठेवायला फसवलंत असं वाटायचं, तेव्हा निदान घराला मी हवी होते एवढी तरी खात्री होती. लाडूंवरचा माझा संशयही अजून पुरता गेलेला नाही. पण ते आणताना तुम्हीही रात्रभर घोकत बसला असाल का, हे मला आज पहिल्यांदा सुचलं. विचारायला तुमचं कुंपण कुठे राहिलंय?

हा कागद कुठे धाडायचा नाही, तेव्हा लिहून टाकते. लेकीला अजून सांगायचं धाडस नाही. एक पाय आत होता, हे मी पन्नास वर्षं ठासून सांगतेय. पण त्या क्षणी मी पायांकडे बघतच नव्हते, अण्णा. मी खुर्च्यांकडे बघत होते, निवडणारे माझ्याकडे बघतायत ना म्हणून.