वाळीत पडण्याआधीची मुंबई

बाबा, तू मला मुंबई दाखवायला नेतोयस हे खरं नाही, ते मला सावित्री नदीच्या पाण्यावरच कळलं होतं. भात झोडून झालं होतं. तू एका सकाळी गोठ्यातूनच म्हणालास, "चल गो बाय, चार दिस मुंबय बघून येऊ," आणि आई मान वर न करता भाकऱ्या थापत राहिली. सणासुदीलाही ज्याने कधी भिंतीला पाठ टेकली नाही तो माणूस उगाच मुंबईला निघतो, यात काहीतरी काळंबेरं असणार, एवढं कुणालाही कळलं असतं. पण मी सोळा-सतरा वर्षांची, सासरहून पळून येऊन माहेरी बसलेली. मुंबईचं नाव ऐकलं आणि हरखून गेले. आपण डोंगर उतरून पोलादपूरला आलो, तिथून महाड, आणि ओहोटीबरोबर सुटणाऱ्या मचव्यात बसलो. बायकांच्या बाजूला शेजारच्या वाडीची एक बाई होती, गिरणीतल्या नवऱ्याकडे चाललेली. तिने माझ्या हनुवटीला हात लावला. "रविवारी गावकी बसनार हाय ना तुमच्यावर? भिऊ नको. बापूस तुझा घट्ट हाय."

एवढं ऐकलं आणि आईची ती खाली घातलेली मान मला कळली. आपल्या गावाचे निम्मे पुरुष गिरण्यांत, त्यामुळे गावचे निवाडे गावात होतच नसत. ते परळच्या एका खोलीत होत. गावकीची खोली. तिथे रविवारी जे ठरायचं ते आठवडाभरात डोंगर चढून वर यायचं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने पाळायचं. त्या खोलीत माझ्या चुलतसासऱ्याचा शब्द चाले. माझ्या सासूने उलथनं तापवून माझी पाठ डागली होती, ते त्या खोलीला माहीत होतं. पण खोलीपुढे प्रश्न तो नव्हताच. प्रश्न एवढाच, की तू मला परत नांदायला धाडतोस की नाही. नाही म्हणालास तर वाळीत. म्हणजे लावणीला कुणी येणार नाही, चुलीला विस्तव कुणी देणार नाही, घरात मयत झालं तर उचलायला माणूस मिळणार नाही. मी मचव्यातून तुझ्याकडे बघितलं. तू पुढे नाळेशी बसला होतास आणि मला हाताने खुणा करत होतास, तो बघ, बगळा बघ. बगळा मी काय बघितला नव्हता? पण मी मान हलवली, हसले आणि मूग गिळून बसले.

बाणकोटला मोठ्या बोटीवर चढलो. रात्रभर मी ओकत होते आणि तू माझं डोकं धरून बसलास. मुंबईला आपण खानावळवालीकडे उतरलो. ती आपल्याच खोऱ्यातली, गावकीच्या खोलीपासून दोन चाळी पलीकडे तिचं बिऱ्हाड. तिला तू नाचणीचं पीठ दिलंस. ती तुझ्याकडे बघते, मग माझ्याकडे, काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि तू घाईघाईने म्हणतोस, "पोरीला ट्राम दावतो उद्या."

आणि दाखवलीस. तरुणपणी दोन वर्षं तू गिरणीत काढली होतीस, तेवढ्या भांडवलावर तू शनिवारी मला मुंबई दाखवायला निघालास. दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसवलंस. घोंगडी खांद्यावर, आणि प्रत्येक मोठ्या इमारतीला तू कचेरी म्हणत होतास. दोनदा रस्ता चुकलास आणि दोन्ही वेळा मला म्हणालास, हे मुद्दाम दाखवायचं होतं. एरवी मी तुला सोडलं नसतं, बाबा, इतकं चिडवलं असतं. पण माझा जीव टांगणीला लागलेला. तू कुणाला रस्ता विचारायला थांबलास तरी मला वाटे, हा त्या खोलीतला माणूस. तुझंही तेच चाललं होतं. मला भेळ घेऊन दिलीस आणि स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाहीस. म्हणालास, पोट भरलंय. कशाने भरलं होतं ते मला माहीत होतं.

संध्याकाळी चौपाटी. विजेचे दिवे एकदम लागले तेव्हा मी खरंच दचकले, आणि त्याच उजेडात तो मला दिसला. माझा नवरा, तोही इथे गिरणीतच. रस्त्याच्या कडेला आणखी दोघांबरोबर उभा, आपल्याकडे बघत. तुलाही तो दिसला. तू माझ्या आणि रस्त्याच्या मधे येऊन उभा राहिलास, घोंगडी दोन्ही हातांनी पसरून, जसा वारा अडवावा तसा, आणि म्हणालास, "हिकडं बघ गो. समिंदर बघ किती मोठा हाय." मी समुद्राकडे बघितलं. अंधारात काही दिसत नव्हतं. तरी मी बघत राहिले आणि म्हणाले, "लय मोठा हाय, बाबा." ते तिघे कधी निघून गेले ते आपण दोघांनीही वळून पाहिलं नाही.

रविवारी तू मला खानावळवालीजवळ ठेवून निघालास. एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन येतो म्हणालास. मी तुझ्या मागोमाग आले. खोलीच्या दारात चपलांचा ढीग, आत खुंट्यांवर कपडे, भिंतीला ट्रंकांची चळत, आणि माणसं एकमेकांना चिकटून बसलेली. तू मधे, एकटा. मी बाहेर गॅलरीत, भिंतीला पाठ लावून.

"पोर कवा धाडतोस?" चुलतसासरा.

"नाय धाडनार."

"मग वाळीत बसशील."

"बसतो."

आत कुणी खाकरलं. एक म्हातारा होता, तो तुझ्या भल्यासाठीच बोलत होता, त्याच्या आवाजात तुझी कीव होती. "अरे, तोंडानं नुसतं हो म्हन. मागनं बघू काय ते."

"तोंडानं हो म्हटलं नि धाडली नाय, तर मी खोटा," तू म्हणालास. "नि धाडली तर पोर जगत नाय."

"उद्या मेलास तर उचलंल कोन?"

"तवा बघायला मी नसनार."

मी धावत परत आले आणि खानावळवालीच्या शेजारी कांदे चिरायला बसले. तू आलास तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तू कांद्याचं समजलास. "उद्या राणीचा बाग बघू," म्हणालास. "बोट परवाची हाय."

राणीच्या बागेत तू तीन केळी खाल्लीस आणि वाघाच्या पिंजऱ्यासमोर बसल्या बसल्या झोपलास. तो दिवस मला फार आवडतो.

पुढचं तू भोगलंस, तुला काय सांगू? आपण तिघांनी लावणी ओढली, लोक बांधावरून बघून गेले. तू एकदाही मला टोचून बोलला नाहीस, आणि त्याचाच मला कधीकधी राग यायचा.

तुला माहीत नाही ते त्यानंतरचं. तू गेलास तो श्रावणातला दिवस. दुपार झाली तरी तू ओसरीवर तसाच. आई आणि मी तुला डोंगरउतारावरून स्मशानात नेऊ शकत नव्हतो. माणसं अंगणाच्या कडेला छत्र्या, इरली घेऊन उभी. आत कुणी येईना. चुलतसासरा तेव्हा गिरणी सोडून गावी आलेला. तो पुढे आला. "नांदायला जाते म्हन. आत्ता उचलतो."

मी म्हणाले, "जाते."

सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लगेच बांबू आले, दोऱ्या आल्या. तुला चौघांनी उचललं, पुढे खांदे बदलायला अर्धं गाव होतं. तुझे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या पहाटे मी आईला घेऊन डोंगर उतरले ती महाडात आले. दवाखान्यात सुइणीच्या हाताखाली राहिले, तिथेच अक्षरं शिकले. सासरी गेले नाही. वर गावात माझ्या नावाने अजून थुंकतात म्हणे, खोटारडी म्हणून. ते बरोबरच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

हा कागद मी कुणाच्या हाती देणार? पेटीत राहील. पण एक सांगते. मी जाते म्हणाले तेव्हापासून तुझ्या चितेने पेट घेईपर्यंत मला एकच धास्ती होती, बाबा, की तू उठून बसशील आणि त्यांना खरं सांगशील.