बाळूचा भोपळा

९ जून
कपाटावरचा सुका भोपळा आज पडला. फुटला. साठ वर्षं ताईनं जपलेला. बेटम्याला मामांच्या गावी, त्यांच्या पायऱ्यांच्या विहिरीत, बावडीत, पोहायला शिकताना भाऊ बाळूच्या पाठीला बांधायचो, तोच. वाटलं ताई रडेल. ती खाली बसून बिया वेचायला लागली. सात निघाल्या. "नलू, बघ, अजून आहेत."
फेक म्हटलं. ऐकते कुठे. गच्चीवरच्या टबात पेरून आली.

१८ जून
एक उगवली!
कृष्णपुऱ्याकडे तंबोरे दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे असे भोपळे ढीगभर. विचारलं. हसला. "मैडम, साठ साल में बीज मिट्टी हो जाता है. दूसरा कोई गिरा होगा." असेल. ताईला बोलले नाही.

२६ जुलै
वेल मांडवावर जातच नाही. दोनदा वळवून सुतळीनं बांधली. सकाळी पुन्हा माझ्या खिडकीच्या गजांत. ताईची खिडकी जवळ आहे, तिकडे नाही.
ताई वेलीशी बोलते. खालच्या भाभीजी विचारत होत्या, "दीदी फोन पे किससे बात करती हैं?" बहिणीशी म्हटलं. बहीण मीच.

१४ ऑगस्ट
फळ धरलंय. वीतभर, कोवळं, लव असलेलं. मधोमध खोल वळ, दोरी आवळल्यासारखा. दोरी कुठेच नाही. काही भोपळ्यांना कंबर असतेच, माहीत आहे मला. तरी हात लावला नाही.

२१ ऑगस्ट
ताई आयसीयूत. सकाळी भाजी घेऊन आले तर वेलीवरचं फळ तोडलेलं, मिक्सर माखलेला, ताई मोरीत पडलेली, उलटीत रक्त. डॉक्टर म्हणाले, "कड़वी लौकी का जूस, पूरा गिलास? एक घूँट में पता चल जाता है. माताजी ने थूका क्यों नहीं?"
साधा दुधी चिरतानासुद्धा आधी तुकडा चाखणारी बाई.

२४ ऑगस्ट
बीपी वर आलं. बोलली.
"कडू होता ना, ताई?"
"विष."
"मग?"
"गाठ मी बांधली होती, नलू. माझी गाठ सुटली. त्यानं दिलेलं नको कसं म्हणू?"
मी सलाइनचे थेंब बघत बसले.
इथे तरी लिहिते. गाठ सुटली नव्हती. मी सैल केली. सहा वर्षांची होते, भोपळा बांधून उतरायची माझी पाळी हवी होती. बाळू पाठ करून पायरीवर बसलेला. त्याला कळलं नाही, तशीच उडी मारली. वर भोपळा एकटाच आला.
मार ताईनं खाल्ला. आणि तेव्हापासून

३० ऑगस्ट
ताई घरी. अशक्त. दुसरं फळ धरलंय, माझ्या गजांच्या आतल्या बाजूला. कात्री घेऊन गेले.
"राहू दे," मागून ताई. "माझा भोपळा झाला पिऊन. हा कुणाचा, ते त्याला विचारते."

२ सप्टें.
चारच्या चहाला सांगून टाकलं. सगळं. वाटलं ओरडेल, कप फेकेल. तिनं कप नीट बशीत ठेवला. भिंत धरत गच्चीवर गेली. मीही मागोमाग, दारापर्यंत.
वेलीपाशी उभी राहिली. "ऐकलंस ना रे, बाळू? मग सांग, हा कुणाचा?"
मला काहीच ऐकू आलं नाही. ताई मात्र मान हलवत होती. थांबायची, पुन्हा हलवायची. मधेच वळून तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि परत तिकडे कान दिला.