कुंडीला रोज पाव वळसा

आई, आधी जे घडले ते क्रमाने मांडतो. पहिले: सरकारी क्वार्टर सोडून तू माझ्या गाझियाबादच्या फ्लॅटवर राहायला आलीस, तेव्हा मेणासारख्या फुलांची तुझी होयाची वेल कुंडीसकट मांडीवर धरून आलीस. दुसरे: काचेने बंद केलेल्या बाल्कनीत तिला पाणी तू घालायचीस. ती एकाच अंगाने उजेडाकडे झुकते हे मला खपत नसे, म्हणून रोज सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी मी कुंडीला पाव वळसा देत असे. तिसरे: उन्हाळ्याच्या तोंडी कळ्यांचे दोन झुबके आले आणि आठवड्याभरात सगळ्या कळ्या फरशीवर गळून पडल्या. चौथे: दोष मी तुला दिला.

तो रविवार आहे. खालच्या मजल्यावरच्या आंटी चहाला आल्या आहेत. "अरे, ये तो सारी झड़ गईं!" त्या म्हणतात. मी तुझ्याकडे न पाहताच म्हणतो, "किती वेळा सांगितलं आई, मुळं कुजतात. पाणी ओतण्यापलीकडे तुला काही सुचत नाही का?" "क्वार्टरच्या व्हरांड्यात एवढंच घालत होते रे. दरवर्षी फुलायची." "तिथली गोष्ट वेगळी." तू हसतेस. "बरं बाबा, डॉक्टरेट तुझी. रोज सकाळी तिला कवायतीला उभी करतोस, आता पाणीही तूच पाज." दुसऱ्या दिवसापासून तू बाल्कनीत पाऊल टाकले नाहीस. खुर्ची आत, टीव्हीसमोर ओढून घेतलीस. या घरात तुझे म्हणावे असे तेवढे एकच काम होते, आणि ते मी काढून घेतले. पुढच्या थंडीत तू गेलीस.

त्यानंतर मला बाल्कनीत जाववेना. कामाला येणारी बाई पाणी घालत असे. कुंडी जागची हलली नाही, वेल एका अंगाला बेढब वाढत गेली. या जूनमध्ये ती फुलली. मेणाच्या बारीक चांदण्यांचे सहा गुलाबी झुबके. नर्सरीवाल्याला फोटो दाखवून मी आधीच्या कळ्यांचे विचारले. तो म्हणाला, "साहब, कली दिखे तो गमला घुमाना ही नहीं. रुख बदला, कली गिरी."

वरच्या क्रमातून एक गोष्ट मी वगळली आहे. त्या रविवारी आंटी येण्याआधी मी मातीत बोट घालून पाहिले होते. ओल हवी तेवढीच होती, तसूभरही जास्त नव्हती. तरी मी बोललो, कारण तुला वगळले की मीच उरत होतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळते. तरीही विचारतो: कळ्या माझ्या हाताने गळल्या हे तुला ठाऊक होते का? ठाऊक असूनही परक्या बाईसमोर माझा मान राहावा म्हणून तू गप्प बसलीस का? "जाऊ दे रे" हे उत्तर मी ग्राह्य धरणार नाही. हो की नाही, आणि का, ते लेखी कळव.