बाईंचं जुनं नाक

३ मार्च
डॉक्टरांनी पुन्हा डिजिटल कॅमेऱ्याचा विषय काढला. म्हणाले, फोटो लगेच दिसतो, बघा जमतंय का. मी म्हटलं, चेहऱ्याच्या सर्जरीत आधीचा आणि नंतरचा फोटो हा पुरावा असतो, आणि फिल्म खोटं बोलत नाही. डॉक्टरांनी विषय बदलला. पटलं असावं.

५ मार्च, सकाळी ११
शिक्षिकाबाईंचं नाक. उद्या ऑपरेशन. समोरून, बाजूंनी, तिरके, खालून, असे सहा फोटो. बाई म्हणाल्या, बावीस वर्षं मुलं मागून पोपट म्हणतायत, या नाकाचा शेवटचा फोटो तेवढा नीट काढा. म्हटलं, वीस वर्षं नीटच काढतोय. हे जरा घमेंडीत झालं का? यापुढे कमी बोलायचं.

९ मार्च
रोल धुतला. कोरा. फिल्मचं टोक रिळात अडकलंच नव्हतं. मी दिमाखात नुसतं बटण दाबत होतो. बाईंचं जुनं नाक आता जगात कुठेच नाही.
यात फिल्मचा दोष नाही, हे नोंदवून ठेवतो.
उद्या डॉक्टरांना सांगायचं.

१० मार्च
डॉक्टर घाईत होते.

११ मार्च
डॉक्टर घाईत नव्हते, खुशीत होते. खुशीतल्या माणसाचा दिवस कशाला घालवा?

१६ मार्च
बाईंची पट्टी निघाली. सूज आहे, त्यामुळे त्यांना आरशात फरक दिसेना. म्हणाल्या, आधीचा फोटो दाखवा. मी सांगितलं, लॅबमध्ये आहे. लॅब म्हणजे मागची खोली, तिथे मीच असतो. तेव्हा खोटं अर्धंच.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आज अर्धंच जेव. पूर्ण जेवलो. नंतर लाज वाटली.

१८ मार्च
आठवून पेन्सिलने नाक काढून पाहिलं. बाईंचं कमी, माझ्या सासऱ्यांचं जास्त आलं. फाडलं.

२४ मार्च
बाई पुन्हा आल्या. नवरा म्हणतो, काहीच बदल नाही, उगीच कापून घेतलंस. बोलता बोलता डोळे भरले त्यांचे. मग मात्र राहवेना. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. राजीनामा देतो म्हणालो.
डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन बाईंकडे वळवला. जुनं नाक, सहाही बाजूंनी. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, अगं बाई, हे घेऊन हिंडत होते मी? आणि पोट धरून हसल्या.
त्या गेल्यावर डॉक्टर म्हणाले, गेली तीन वर्षं तुमचं आटोपलं की सिस्टर पलीकडच्या खोलीत डिजिटलवर काढून घेतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. राजीनामा कसला देताय, बसा, चहा घ्या.
पंधरा दिवस ज्या अपराधाखाली वाकलो होतो, तो करण्याइतकी जबाबदारीही माझ्याकडे नव्हती.
सिस्टरचे फोटो नीट तपासले. एखादी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.