डावी करंगळी

२ जून
आज गोंदियात रुजू झाले! बाबा आमगावहून सोडायला आले होते. आमच्या घरात सही करणारी मी पहिली. बाबा अंगठाच लावतात, आणि रेशनच्या दुकानातलं मशीन तोही घेत नाही. जन्मभर चिखलात धानाची रोवणी करून अंगठ्याच्या रेघाच झिजल्या. मी नेमणूकपत्रावर सही केली, तेव्हा ते दाराशी उभं राहून बघत होते.

कंपनी लहान, पण काम मोठं. औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम इथून चाळीस दवाखान्यांत जातो. नवी आवृत्ती रोज अकराला आपोआप रवाना होते. त्याआधी दोन संमत्या लागतात: बनवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तपासणारी मी. संमतीचा हक्क कोणाला द्यायचा, कोणाचा काढायचा, ती यादीही माझ्याकडे. मालक भुपेंद्र सरांनाही ती बदलता येत नाही. त्यांनी माझी दहाही बोटं मशीनवर नोंदवून घेतली. हे मशीन जिवंत, उबदार बोटच ओळखतं, असं अभिमानानं सांगितलं. ऑफिसची वरकामं पाहणारे श्यामलालभाऊ हसले. म्हणाले, अंगठाच लावाचा होता तं कॉलेज कायले केलं, मॅडम?

४ जून
यादीत एक जुनं नाव सापडलं. रंजिता, माझ्याआधीची तपासणारी. दिवाळीत नोकरी सोडून गेली म्हणतात, पण तिची संमती रोज अकराला नोंदलेली आहे. कोणतं बोट लावलं तेही नोंदीत येतं. आधी अंगठा, मग एकेक बोट, आणि आता कित्येक दिवस डावी करंगळी. मला गंमतच वाटली. सर म्हणाले, ती तिरोड्याहून, घरूनच करते.

गेलेल्या माणसाचा हक्क त्याच दिवशी काढायचा, हे आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवलं होतं.

श्यामलालभाऊ डबा घेऊन सर्व्हरच्या खोलीत जातात. थंडाव्यात जेवण बरं लागतं म्हणे.

५ जून
जुन्या रजिस्टरातून रंजिताच्या घरी फोन लावला. तिची आई पार्वताबाई बोलली. पोरगी दिवाळीपासून घरी आलीच नाही, ‘कामात आहे’ एवढाच मेसेज येतो. तिनं विचारलं, माही पोरगी बराबर जेवते का वं? मी हो म्हणून टाकलं. रंजिता घरच्यांशी खोटं बोलते आहे, असं वाटलं.

६ जून
नव्या आवृत्तीत तान्ह्या बाळांचा डोस दुप्पट निघतो. मी संमती नाकारली. सर म्हणाले, दुरुस्ती पुढच्या आठवड्यात करू. अकराला ती गेलीच, रंजिताच्या करंगळीनं.

मी लगेच ती आवृत्ती मागे घेतली आणि रंजिताचा हक्क काढला. तिची दहाही बोटं यादीतून पुसली. बाबांना फोन करून सांगितलं, आज एक चांगलं काम केलं.

७ जून
अकराला सर्व्हरच्या खोलीतून कोणी भिंत बडवत होतं. बाईचं कण्हणं. श्यामलालभाऊंनी रेडिओ मोठा केला. सर रागावले नाहीत. यादी छान साफ केलीत, म्हणाले. मग श्यामलालभाऊंना म्हणाले, अब डिब्बा मत ले जाना.

पोलिसांत जायला जिना उतरले. खालचं शटर ओढलेलं.

श्यामलालभाऊ मागे उभे. विचारलं, वांगं चालते का तुमाले?

९ जून, बहुतेक
सर्व्हरच्या खोलीत फार थंडी. फोन सरांकडे. बाबांना मेसेज गेला असेल, कामात आहे. शेजाऱ्याकडून वाचून घेतील. खूश होतील.

कोपऱ्यात तिची चप्पल. ती नाही. फिनाईलचा वास. तिचं बोट चालत होतं तोवर डबा येत होता— मीच पुसलं. मीच—

?
तीच आवृत्ती. बाळांचा डोस तसाच. माझं मनगट धरून अंगठा दाबला. हिरवा दिवा.

भिंतीचा एक तुकडा गुळगुळीत, तपकिरी. तिनं इथं— बाबांसारखा अंगठा करायला—

घासते आहे.

?
नाही घेतला! लाल दिवा. तीनदा लाल. मी हसले. श्यामलालभाऊपण हसले. अजून नऊ हायेत, मॅडम.

?
पेन दोन तळव्यांत धरून— नऊ झाली. डावी करंगळी राहिली. भिंत रक्तानं ओली, बोट नुसतं घसरतं— बाळं— अकरा वाजत— कुलूप—